बोंडअळी कशावर जगते, हे आधी मोजा

कपाशी फुलावर आली की शेतात काही फुले उमलतच नाहीत. पाकळ्या एकमेकींत गुरफटून मिटलेल्या राहतात, कारण आत बसलेल्या अळीने त्या आपल्या धाग्याने बांधून टाकलेल्या असतात. विदर्भ-मराठवाड्यात या फुलाला डोमकळी म्हणतात. डोमकळी दिसली की समजावे, गुलाबी बोंडअळी शेतात पोचली. पुढची पिढी थेट बोंडात शिरते आणि सरकी खाऊन वाढते. बाहेरून बोंड हिरवेगार आणि टणक, फोडून पाहावे तर आत कवडी झालेली रुई. अळी सारा वेळ बोंडाच्या आतच असल्याने फवारणीचे औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

त्याच शेतात आणखी एक अळी येते, हिरवी बोंडअळी. हरभऱ्यावर तिला घाटेअळी म्हणतात, तुरीवर ती शेंगा पोखरणारी अळी असते आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी. मका, ज्वारीची कणसे, सूर्यफूल, सोयाबीन, भेंडी, मिरची यांतले तिला काहीही चालते. भारतात दीडशेहून अधिक वनस्पतींवर तिची नोंद आहे. गुलाबी बोंडअळीच्याही नावावर जुन्या नोंदींत भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि त्यांच्या कुळातल्या बऱ्याच वनस्पती आहेत. यादी म्हणून पाहिले तर दोघी अनेक झाडांवर जगणाऱ्या. शेतात उतरून पाहिले तर एक जवळपास सर्वभक्षी आणि दुसरीचा संसार कपाशीवाचून चालत नाही.

हा फरक शेतकऱ्याला आणि कीटकशास्त्रज्ञाला पूर्वीपासून माहीत होता. 1843 मध्ये सॉन्डर्स यांनी गुलाबी बोंडअळीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेही भारतातल्या कपाशीवर सापडलेल्या किडीवरून. तरीही बीटी कपाशीचे नियम ठरवताना या फरकाला आकड्याचे वजन मिळाले नाही. दोन्ही अळ्यांना बिगर-बीटी ओळींचा एकच पट्टा, एकच टक्केवारी लावली गेली. त्याची किंमत महाराष्ट्राच्या कापूस उत्पादकाने मोजली आणि तो ती अजूनही मोजतो आहे. कोणता जीव किती जणांवर विसंबून आहे हे मोजण्याचे शास्त्र पर्यावरण अभ्यासकांच्या शोधनिबंधांत अडकून पडलेले नाही. बियाण्याच्या पिशवीत काय असावे, हेसुद्धा त्यावर ठरायला हवे.

मोजायचे कसे? सर्वांत सोपी रीत म्हणजे यादीतली नावे मोजणे. ती तितकीच फसवी आहे. एखाद्या झाडावर कुणाला एकदा एक अळी दिसली तरी त्या झाडाचे नाव यादीत चढते आणि सहसा खाली उतरत नाही. जिथे निरीक्षक जास्त, तिथे यादी लांब. ज्या किडीकडे कुणी फारसे पाहिलेच नाही, ती कागदावर एकनिष्ठ ठरते.

रिचर्ड लेविन्स यांनी 1968 मध्ये याहून बरी रीत मांडली. प्रत्येक झाडावर किडीचा किती हिस्सा आहे ते पाहायचे, त्या हिश्श्यांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि एकाला तिने भागायचे. चार पिकांवर अळ्या सारख्या विखुरलेल्या असतील तर उत्तर येते 4. एका पिकावर 97 टक्के आणि उरलेल्या तिघांवर एकेक टक्का असतील तर उत्तर येते साधारण 1.06. दोन्ही यादींत नावे चारच आहेत, पण दुसरी कीड प्रत्यक्षात एकाच पिकाची आहे हे आकडा सांगून टाकतो.

यातही एक उणीव राहते. ज्या शिवारात शंभरपैकी नव्वद एकर कपाशी आहे, तिथे नव्वद टक्के अळ्या कपाशीवर सापडल्या तर त्यात नवल नाही. अळीने निवड केलीच नाही, समोर होते ते खाल्ले. हेच नव्वद टक्के जिथे शंभरपैकी दहाच एकर कपाशी आहे तिथे सापडले, तर मात्र ती कपाशी शोधत येते असे म्हणावे लागेल. म्हणून हिस्सा मोजताना उपलब्धताही मोजावी लागते. जर्मनीतील निको ब्ल्युटगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये यासाठी डी-प्राइम नावाचा निर्देशांक सुचवला. परागीभवन करणारे कीटक, बिया पसरवणारे पक्षी, मुंग्या आणि त्यांना आसरा देणारी झाडे अशा परस्परसंबंधांच्या जाळ्यांत तो आज सर्रास वापरला जातो. शून्याजवळ असलेला जीव जे मुबलक त्यावर जगतो. एकाजवळ असलेला जीव गर्दीतूनही आपलेच नेमके झाड गाठतो.

धोरणासाठी मात्र दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. कीड काय निवडते, हा एक. ती आत्ता, या तालुक्यात, या महिन्यात कशावर जगते आहे, हा दुसरा. हिरव्या बोंडअळीला काहीही चालते, पण एखाद्या पट्ट्यात तूर गेली, ज्वारी गेली आणि नुसती कपाशी उरली तर तिथली हिरवी अळीसुद्धा व्यवहारात कपाशीवरच विसंबते. एकनिष्ठपणा हा निव्वळ अळीचा स्वभाव नाही. तो शिवाराने घडवलेलाही असतो. त्यामुळे पुस्तकातला एक आकडा घेऊन तो धारणीपासून परभणीपर्यंत सगळीकडे लावणे चुकीचे आहे.

बीटी कपाशीच्या बाबतीत हा हिशेब इतका मोलाचा का, ते पाहायला थोडे आनुवंशशास्त्र लागते. बीटीच्या झाडात अळीला मारणारे प्रथिन तयार होते. लाखो अळ्यांत एखादीच अशी असते, की जिला ते बाधत नाही. गुलाबी बोंडअळीत हा प्रतिकार बहुधा अप्रभावी जनुकांतून येतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून जनुक मिळाले तरच अळी वाचते. अशा वाचलेल्या पतंगाला जोडीदार म्हणून बीटी न खाल्लेला, साधा पतंग मिळाला तर त्यांची पिल्ले बीटीवर मरतात आणि प्रतिकार तिथेच थांबतो. त्यासाठी साधे पतंग आसपास भरपूर हवेत आणि ते कुठेतरी बीटी नसलेल्या झाडावर वाढलेले हवेत. याच कारणासाठी कपाशीच्या कडेने बिगर-बीटी ओळी लावायच्या असत. शेतकरी त्या बियाण्याला रेफ्युजी म्हणतात.

हिरव्या बोंडअळीला हा आसरा भारतात फुकट मिळत आला. वऱ्हाडात कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ घालण्याची रीत जुनी आहे. रब्बीत हरभरा असतो, मळ्यात टोमॅटो असतो. यातले काहीच बीटी नाही, त्यामुळे साध्या पतंगांचा पुरवठा चालू राहतो. गुलाबी अळीला मात्र तूर, हरभरा, मका यांचा काही उपयोग नाही. तिच्यासाठी आसरा म्हणजे बिगर-बीटी कपाशी, आणि तीच महाराष्ट्राच्या शिवारातून जवळजवळ नाहीशी झाली. राज्यात कपाशीचे क्षेत्र सुमारे 40 लाख हेक्टर आहे आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग बीटीखाली गेला.

पुढचा घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे. मार्च 2002 मध्ये एका जनुकाच्या बीटी कपाशीला मंजुरी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांची बोलगार्ड-2 आली. 2010 मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. काही वर्षांत दुसरे जनुकही निष्प्रभ ठरले, आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडे सडली, पंचनामे झाले, उभ्या पिकात नांगर घातले गेले. त्याच काळात, त्याच बीटीच्या झाडांवर, हिरव्या बोंडअळीची अशी घाऊक सरशी झाली नाही. दोघींसाठी विष तेच होते, फरक दोघींच्या खाद्याचा होता.

हा दोष बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या माथी मारला जातो. 450 ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर 120 ग्रॅम बिगर-बीटीची पुडी दिली होती, ती त्याने लावली नाही, असे सांगितले जाते. पुडी लावली गेली नाही हे खरे. पण सभोवती पाच ओळी किंवा क्षेत्राच्या 20 टक्के, यातले जे जास्त असेल ते, असा नियम तीन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला सांगताना त्यामागचे कारण त्याच्यापर्यंत नेण्याची जबाबदारी कुणी घेतली? आपल्या शेताच्या पाचव्या हिश्शात अळीला मुद्दाम पोसायचे, त्या नुकसानीची भरपाई नाही आणि फायदा मिळाला तर सगळ्या गावाला. असा व्यवहार कुणीही टाळेल. ज्यांच्याकडे अळीच्या खाद्याची माहिती होती, मोजण्याची साधने होती आणि बियाणे विकण्याची परवानगी होती, त्यांची जबाबदारी मोठी होती. नंतर बिगर-बीटी बियाणे त्याच पिशवीत मिसळून देण्याची पद्धत आली. ते योग्य दिशेने टाकलेले, पण फार उशिराचे पाऊल आहे.

हा हिशेब नीट मांडणारे देश आहेत. ऑस्ट्रेलियात कपाशीची मुख्य वैरीण हिरव्या बोंडअळीच्या गोतातलीच. तिथल्या शेतकऱ्यांना दोन जनुकांच्या बीटीबरोबर आसरा म्हणून दोन पर्याय दिले गेले: न फवारलेली साधी कपाशी 10 टक्के, किंवा न फवारलेली तूर 5 टक्के. तुरीला निम्मे क्षेत्र पुरते, कारण तितक्याच जमिनीतून ती सुमारे दुप्पट पतंग देते. आपली तूर तिथे शेंगांसाठी न लावता पतंगांसाठी लावली जाते आणि तिचे मोल प्रत्यक्ष मोजणीतून ठरलेले असते. गुलाबी अळीसाठी हाच 5 टक्क्यांचा तुकडा कुचकामी ठरला असता, हेही त्याच मोजणीतून उघड होते.

चीनचे उदाहरण आणखी बोलके आहे. यांगत्से नदीच्या खोऱ्यात गुलाबी बोंडअळी बीटीला सरावू लागली होती. तिथल्या शेतकऱ्यांनी महाग संकरित बियाण्याऐवजी त्याची दुसरी पिढी स्वस्तात पेरायला सुरुवात केली. त्या बियाण्यातली साधारण चौथाई झाडे बीटी नसलेली निघतात, त्यामुळे शेतातच साध्या कपाशीचा आसरा आपोआप तयार झाला. प्रतिकार वाढण्याऐवजी कमी झाला, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. भारतातल्या संकरित कपाशीत असे झाले नाही, कारण इथे पहिल्या पिढीचे प्रत्येक झाड बीटी असते, पण त्याच्या बोंडातल्या काही सरक्यांत विष असते आणि काहींत नसते. सरकी खाणाऱ्या अळीला एकाच बोंडात दोन्ही चाखायला मिळतात. साधे पतंग तयार होण्याऐवजी थोडे थोडे विष पचवणारे पतंग तयार होण्याची ही वाट आहे. चीनमध्ये ज्या मिश्रणाने प्रतिकार थोपवला, तेच मिश्रण झाडाझाडांत न होता बोंडाच्या आत झाले की उलट परिणाम करू शकते. अळी कशावर जगते हे मोजताना पिकाचे नाव पुरत नाही, ते असे.

पतंग कोणत्या पिकावर वाढला हे तो सापळ्यात सापडल्यावरही कळू शकते. मका, ज्वारी यांसारखी पिके आणि कपाशी, तूर यांसारखी पिके हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने बांधतात. त्याची खूण अळीच्या अंगात उतरते आणि पतंगाच्या पंखात टिकून राहते. अमेरिकेत लुईझियाना आणि टेक्सासमध्ये हिरव्या बोंडअळीच्या तिथल्या बहिणीवर अशी तपासणी झाली आणि 2002 मध्ये तिचे निष्कर्ष आले. कपाशीच्या पट्ट्यातले बरेच पतंग मक्यासारख्या पिकांवर वाढून आलेले निघाले. भारतात हिरव्या बोंडअळीची वेगवेगळ्या पिकांवर मोजणी होऊन तो अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्धही झाला. म्हणजे मोजणीची रीत इथे अनोळखी नव्हती. पण अशी मोजणी एकदा करून भागत नाही. गेल्या वीस वर्षांत मराठवाड्यात सोयाबीन किती पसरले आणि ज्वारी किती आटली, हे लक्षात घेतले तर तेव्हाचा नकाशा आज वापरता येणार नाही.

लष्करी अळीच्या वेळी यादीचा धोका वेगळ्या रूपात समोर आला. ही अमेरिकेतली कीड 2018 मध्ये प्रथम कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात दिसली. तिच्या नावावर 353 वनस्पतींची नोंद आहे. तो आकडा ऐकून आता एकही पीक वाचणार नाही, अशी भीती पसरली. प्रत्यक्षात तिचा भार मुख्यतः मक्यावर पडला, ज्वारी आणि उसावर काही प्रमाणात. 353 खरे असले तरी ते सारखे नाहीत. मका उत्पादकाकडे लक्ष एकवटायला हवे होते, तेव्हा ते सगळीकडे वाटले गेले.

उलटी चूकही होते. कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागात डॅनियल जॅन्झेन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे रानातल्या अळ्या आणून वाढवत आले. तिथले एक फुलपाखरू बऱ्याच वेगवेगळ्या झाडांवर वाढणारे म्हणून ओळखले जाई. 2004 मध्ये त्याच्या डीएनएची तपासणी झाली तेव्हा त्या एका नावाखाली 10 वेगळ्या जाती असल्याचे दिसून आले आणि त्यांतल्या बऱ्याच आपापल्या ठरावीक झाडांना धरून होत्या. ते सर्वभक्षी आहे असे समजून निश्चिंतपणे एखाद्या प्रकारची झाडे तोडली गेली असती, तर एक अख्खी जात नकळत गेली असती. म्हणून कीड असो वा फुलपाखरू, कुणाच्या नावापुढे सर्वभक्षी लिहिण्याआधी ते कुणी, कुठे आणि किती काळ पाहिले हे विचारायलाच हवे.

गुलाबी बोंडअळीच्या एकनिष्ठपणात तिचे मर्मही आहे. जी एकाच पिकावर जगते, तिची उपासमार करता येते. ती हंगाम संपताना पऱ्हाटीत, वाळलेल्या बोंडात आणि जिनिंगमधल्या सरकीत सुप्तावस्थेत जाते. पावसाच्या तोंडावर पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शेतात पाते-फुले नसतील तर त्यांची पुढची पिढी उपाशी मरते. फरदड घेऊन कपाशी मार्चपर्यंत उभी ठेवली, किंवा मे महिन्यात ओलिताखाली पूर्वहंगामी लागवड केली, की या उपाशी काळात तिला जेवण मिळते. म्हणून तर राज्याच्या कृषी विभागाने काही हंगामांत बियाणे विक्रीच्या तारखा पुढे ढकलल्या. हा निर्णय शेतकऱ्यांना अडचणीचा वाटतो, पण शास्त्राच्या कसोटीवर तो पक्का आहे. हिरव्या बोंडअळीवर अशा तारखांचा काडीचाही परिणाम झाला नसता.

अमेरिकेने हे टोकाला नेले. अ‍ॅरिझोना आणि शेजारच्या राज्यांत बीटी कपाशी, हंगामानंतर पऱ्हाटी गाडण्याच्या सक्तीच्या तारखा, कामगंध सापळे आणि विमानातून सोडलेले अब्जावधी वांझ पतंग यांचा एकत्र मारा झाला. ऑक्टोबर 2018 मध्ये तिथल्या कृषी खात्याने देशाच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात तसेच्या तसे घडणे कठीण आहे. इथे शेते लहान, शेतकरी लाखांत आणि पाऊस बेभरवशाचा. फरदड घेणारा माणूस हौसेने घेत नाही. डिसेंबरात कपाशी उपटून तो पुढे काय लावणार आणि त्याला पाणी कुठून आणणार, याचे उत्तर दिल्याशिवाय त्याला फरदड सोडायला सांगणे अन्यायाचे आहे. पण कमी दिवसांचे वाण, जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे आणि सगळ्या गावाने एकाच आठवड्यात पऱ्हाटी काढणे या गोष्टी आवाक्यातल्या आहेत. त्या एका शेतकऱ्याने करून उपयोग नाही, कारण पतंगाला बांध कळत नाही.

सध्या सापळ्यांची एक पातळी सांगितली जाते: सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले तर उपाय करा. पतंग मोजण्याची ही शिस्त कृषी विद्यापीठांनी आणि नागपूरच्या संस्थेने गावोगावी रुजवली, हे त्यांचे मोठे काम आहे. त्याच्या जोडीला पतंग कशावर वाढून आला याची मोजणी दर हंगामात, जिल्हावार आणि लोकांना पाहता येईल अशी हवी. त्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. बोंडे फोडणारी, भेंडीची फळे चिरणारी, बांधावरची अंबाडी तपासणारी आणि दहा-पंधरा वर्षे एकाच तालुक्यात टिकणारी प्रशिक्षित माणसे लागतात. नेमकी हीच पदे रिकामी ठेवली जातात किंवा अकरा महिन्यांच्या करारावर भरली जातात, आणि दरवेळी निरीक्षणाची साखळी तुटते.

गुलाबी बोंडअळीला मारणारे नवे जनुक शोधण्याचे काम देशात चालू आहे, त्यात सरकारी प्रयोगशाळाही आहेत. उद्या त्यातले एखादे मंजुरीसाठी येईल. तेव्हा ते अळीला मारते का, एवढीच चाचणी पुरेशी मानू नये. त्या अर्जासोबत प्रत्येक किडीचा वेगळा तक्ता असावा: कोणत्या जिल्ह्यात ती कोणत्या पिकावर किती टक्के वाढते, त्या पिकाचे तिथले क्षेत्र किती, वर्षातले कोणते महिने तिला खायला काही नसते आणि साधे पतंग येणार कुठून. ज्या किडीच्या तक्त्यात शेवटचा रकाना रिकामा असेल, तिच्यासाठी आधी बिगर-बीटी झाडांची सोय आणि तिचा खर्च बियाणे कंपनीने उचलण्याची अट, आणि मगच विक्रीचा परवाना.